मोडक्या हाताची सावड

"ज्या गावात मिरचीच नाय, त्या गावाला वर्गणी कसली देतेस?" कल्पेशला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. अक्षदाचा हा मोठा भाऊ टेम्पो चालवतो, गणपतीची वर्गणी गोळा करतो, क्रिकेटच्या टुर्नामेंटची गोळा करतो, त्यामुळे वर्गणी या विषयातला स्वतःला मोठा जाणकार समजतो. "मंडळाचं एक बरं असतं, मंडप तरी दिसतो. तुझा तो गेम बनलाच नाय अजून. आणि बनेल तेव्हा त्यात वडापाव पण नसणार!"

"बटाटाच नव्हता तेव्हा आपल्याकडे," अक्षदा म्हणाली.

"मग लोक जगत कशाला होते?"

गेमचं नाव 'उल्हासकाठ'. हजारेक वर्षांपूर्वी अंबरनाथचं दगडी देऊळ उभं राहत होतं, त्या काळातल्या एका खेड्याचा गेम. अंबरनाथमध्येच एका दुकानाच्या वरच्या खोलीत सुयोग आणि जिज्ञासा अशी दोघं तो बनवत होती, आणि खर्च लोकांच्या वर्गणीतून चालला होता. त्यात जादू नाही, राक्षस नाही, राजपुत्र नाही. आपण व्हायचं एक साधा पाथरवट. भूक लागते, घोंगडी भिजली की जड होते, दोन दिवस अंघोळ केली नाही तर शेजारी तोंड फिरवतात. पहिल्या नमुन्यात एका चुलीजवळ चुकून लाल मिरच्या टांगलेल्या राहिल्या होत्या. मिरची तर आपल्याकडे किती शतकं उशिरा आली! वर्गणीदारांनी असा काही गिल्ला केला की सुयोगने जाहीर माफी मागून मिरच्या उतरवल्या आणि मिरी ठेवली. त्या दिवशी वर्गणी एकदम वाढली. आपण पैसे दिलेल्या गावात खोटी मिरचीसुद्धा चालू देत नाहीत, याचंच लोकांना अप्रूप होतं.

अक्षदाची गोष्ट मात्र मिरचीवर थांबणारी नव्हती. आनंदनगरच्या एका कारखान्यात ती खोके कापायच्या मशीनवर होती. गेल्या वर्षी उजवा हात त्यात गेला. दोन बोटं गेली आणि उरलेल्या तिघांनी संपच पुकारला. घरी पडून ती डाव्या हाताने मोबाईलवर गेम खेळायची. सगळीकडे तोच प्रकार. नायकाला चार बाण लागतात, तो एक बाटली घटाघटा पितो आणि टुणकन उठतो. एकदा तिने चिडून फोन भिंतीवरच मारला. मग तिला 'उल्हासकाठ'चा तो नमुना सापडला. त्यातला पाथरवट परांचीवरून पडला, त्याचा हात मोडला, आणि तो मोडलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशी मोडलेला, महिन्याने मोडलेला. तो डाव्या हाताने घागर उचलायला शिकत होता आणि पाणी सांडत होता. ते सांडलेलं पाणी बघून अक्षदा पोटभर रडली आणि त्याच दिवशी तिने वर्गणी भरली.

आता त्याच हातावर मतदान लागलं होतं. बऱ्याच वर्गणीदारांची तक्रार होती की हात मोडला की अख्खा हंगाम नुसतं बसून राहावं लागतं. एकाने तर लिहिलं होतं, "भाई, खेलने आए हैं, खाटेवर पडायला नाय." सुयोगने विचारलं होतं, जखम झटपट बरी करायची का? रविवारी संध्याकाळी सगळ्यांची व्हिडिओवर बैठक, नंतर मत, आणि सोमवारी निकाल. अक्षदाला ते आपल्याच हातावर मत मागितल्यासारखं लागलं. हा एवढा एक माणूस तिच्यासारखा होता, आणि त्याला बाटली पाजून मोकळे होणार होते.

काय बोलायचं ते ठरवायला म्हणून ती तो भाग पुन्हा खेळली, आणि पंचाईत झाली. लोक म्हणत होते ते खरं होतं. पाथरवटाचं भात पिकलं, शेजारी आले, त्याचं शेत कापून दिलं, हसले आणि निघून गेले. तो ओटीवर बसलेलाच. कोणी त्याच्याकडे काही मागत नव्हतं. खेळायला उरलंच काय होतं?

हे तिला फार ओळखीचं वाटलं. बदलापूर गावात इमारतींच्या मधोमध त्यांचं भाताचं एक खाचर अजून शिल्लक आहे. कापणी सावडीने होते, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुमचं कापायचं, उद्या तुम्ही त्यांच्याकडे जायचं. यंदा सगळे आले, कापून गेले, आणि फेडायला कल्पेश एकटा फिरत होता. अक्षदाला कोणी हाक मारली नाही. अपघातापासून तिला कोणी काम सांगत नव्हतं, की ओरडत नव्हतं. दुधाचं पातेलं उतू गेलं तरी आई म्हणायची, "राहू दे गं बाळा." त्या 'राहू दे'ने तिचा जीव नकोसा व्हायचा.

रविवारी दुपारी ती शेजारच्या काशीकाकीकडे गेली. काकी अंगणात विळ्याला धार लावत होती.

"काकी, हात मोडलेला माणूस सावड कशी फेडतो?"

काकीने वर न बघता विचारलं, "कुनाचा मोडला?"

"आहे एक. गेममधला."

"आमच्या ह्यांचा पाय मोडला व्हता लगीन झाल्यावर. आंब्यावरशी पडले. बांधावर बसून आख्ख्या गावाच्या भाऱ्यांना बंध वळून दिले. गवताच्या दोऱ्या गो. पोरींची मस्करी करायला तेवढा येल मिळाला, म्हणून खूश व्हते."

"आणि हात मोडला तर?"

आता काकीने वर पाहिलं. "डोका हाय ना त्याला? भारा डोक्यावरशी नेतात, हातात नाय नेत. पाखरां हाकायला तोंड लागतं. पानी आनायला एक हात पुरे."

"मग मला का नाही बोलावलंत?" अक्षदाचा आवाज तिच्याही नकळत चढला.

"तू दार लावून बसतंस! बोलावलं तर रडशील, असा वाटला." काकी विळा धुऊ लागली. धुता धुता म्हणाली, "उद्या आमचं कापाचं हाय. सावड तुमच्या घरावर हायच. कल्पेशला भाडा लागलाय म्हनं. मंग कोन येनार?"

"मी येते," अक्षदा म्हणाली.

संध्याकाळच्या बैठकीत ती नेहमी कॅमेरा बंद ठेवायची. त्या दिवशी तिने तो चालू केला आणि उजवा हात सरळ पुढे धरला.

"माझा असा आहे," ती म्हणाली. "तो बरा होणार नाही. मला वाटलं होतं, तुम्हाला सांगावं की जखम तशीच ठेवा. पण कंटाळा येतो ते खरंय. मलाही येतो. मात्र तो हात मोडल्यामुळे येत नाही. शेजारी फुकट राबून जातात आणि त्याच्याकडून काही मागत नाहीत, म्हणून येतो. त्याच्यावर सावड ठेवा. त्याला पाणी आणायला लावा, पाखरं हाकायला लावा, डोक्यावर भारे द्या. नाही गेला तर पुढच्या वर्षी कोणी त्याच्याकडे येऊ नये. मग बघा, बसायला वेळ मिळतो का."

सुयोग घाईघाईने लिहून घेत होता. तेवढ्यात नागपूरच्या एका वर्गणीदाराने नेमका प्रश्न टाकला, "तेव्हा सावड होती याला पुरावा काय?" मिरचीची चूक पहिल्यांदा पकडणारा मिरचीवाला तो हाच.

"माझ्याकडे नाही," अक्षदा म्हणाली. "पण एकट्या माणसाने भात कापून, झोडून, वेळेत घरात आणलं, याला तरी तुमच्याकडे पुरावा आहे का?"

मिरचीवाला हसला. "हे मात्र खरं बोललात," तो म्हणाला, आणि जिज्ञासाने टाळ्या वाजवल्या. वाद काही तिथे संपला नाही. दोघांनी पैसे परत मागितले, एकाने सगळ्यांना मूर्ख ठरवलं. सुयोगने सांगितलं की मतदानात आता तिसरा पर्याय राहील: जखम तशीच, पण सावडीसकट.

सोमवारी काकीच्या शेतात अक्षदाने पहिली कळशी आणली, तेव्हा अर्धी तिच्याच अंगावर सांडली. कोणी 'राहू दे' म्हणालं नाही. कापणारे तहानलेले होते, त्यांना उरलेली अर्धी हवी होती. भारा डोक्यावर चढवायला काकीचा नवरा चंदूकाका आला, आणि "मान ताठ ठेव, नवरीसारखी लाजू नको" म्हणून खिदळला. उन्हं चढेपर्यंत तिची मान भरून आली, तरी बांधापासून खळ्यापर्यंतची वाट तिला पाठ झाली होती.

दुपारी फोन वाजला, तेव्हा ती विहिरीजवळ होती. तिने कळशी खाली ठेवली आणि निकाल उघडला. सुयोगने लिहिलं होतं: 'जखम राहणार. सावड येणार. काम वाढलंय, गेमला उशीर होईल, सांभाळून घ्या.' खाली लोकांनी भराभर लिहायला घेतलं होतं. कोणी चालेल म्हणत होतं, तर कोणी बैलांचीही सावड ठेवा म्हणत होतं. मिरचीवाल्याने विचारलं होतं, कळशी तांब्याची की मातीची? अक्षदा एकटीच हसत वाचत राहिली. तिच्या पाथरवटाला आता कामाला बोलावणार होते. तिला इतका आनंद झाला की कळशीचा विसरच पडला.

"अक्षदे!" शेतातून काशीकाकीचा आवाज आला, अख्ख्या बदलापूरला ऐकू जाईल असा. "पानी कुठाय? मानसां सुकली हितं! हाताला लागलाय का पायाला गो तुझ्या? त्या मोबायलात डोका घालून बसलेय, निर्लज्ज कुठली!"

वर्षभरात तिला कोणी असं ओरडलं नव्हतं. अक्षदाने फोन कमरेला खोचला, डाव्या हाताने कळशी उचलली आणि "आले, आले!" करत धावत सुटली.