ब्राउझर बंद होण्याआधी

मी एक जुना बुकमार्क आहे. खरं तर होतो म्हणायला हवं, कारण आत्ताच मला पुसून टाकलंय. मित्रांनो, पुसलेला बोलतो कसा असं तुम्हाला वाटेल. सांगतो, पण भराभर ऐका. बुकमार्क काढून टाकला तरी तो लगेच मरत नाही. ब्राउझर उघडा आहे तोवर कंट्रोल आणि झेड ही दोन बटणं एकदम दाबली की काढलेलं परत येतं. ब्राउझर बंद केला की कायमचं संपलं. तो अजून उघडा आहे. समोर या घरातला मोठा मुलगा, दादा बसलाय आणि त्याचा हात माऊसवर आहे.

माझा जन्म याच खोलीत झाला. ही घराची पुढची खोली. इथे बाबांचं चौकटी करण्याचं काम चालतं. लोक फोटो आणतात, बाबा लाकडाच्या पट्ट्या कापतात, काच बसवतात, मागे पुठ्ठा ठोकतात. कोपऱ्यात कंप्युटर आहे. त्याच्या बटणांच्या फटींत लाकडाचा भुसा कायम असतो.

या घरातल्या धाकट्या मुलीला सगळे भिंगरी म्हणतात. भिंगरी बोलताना अडखळते. सगळ्यात जास्त अडखळते ती स्वतःच्या नावावर, म्हणून टोपणनावच तिला बरं वाटतं. तिचं बोलणं सुधारायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी आपल्याकडे शिकणाऱ्या मुलांसाठी एक पान बनवलं होतं. पानावर एक निळी रेघ हळूहळू चढत जाते. बाईंचा आवाज वाक्याचं पहिलं अक्षर ताणून म्हणतो, आणि रेघ चढते तोवर श्वास सोडत आपणही त्यांच्यासोबत म्हणायचं. बाईंनी ते पान उघडलं, वरच्या कोपऱ्यातली चांदणी दाबली आणि मी जन्मलो. पानाला मथळा नव्हता, म्हणून मलाही नाव मिळालं नाही. मी म्हणजे नुसती अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक शेपटी. ते पान शोधून सापडत नाही. बाईंनीच ते सगळ्यांपासून आड ठेवलंय, कारण सरावातले मुलांचे आवाजही तिथे साठतात, ते चव्हाट्यावर नकोत. तिथे जायची वाट फक्त मला ठाऊक.

माझे कामाचे दिवस चांगले गेले. शाळेतून आली की भिंगरी स्टुलावर बसायची, मला दाबायची आणि रेघेबरोबर बोलायची. आधी एकेक शब्द, मग वाक्यं. एकदा तिने दारात आलेल्या गिऱ्हाइकाला न अडखळता सांगितलं, की बाबा काच आणायला गेलेत, बसा. गिऱ्हाईक बसलं. त्यात विशेष काय घडलं हे त्याला कळलंसुद्धा नाही. आतल्या खोलीत आई मात्र हातातलं काम टाकून भिंतीला टेकून उभी राहिली होती.

आता आईचं सांगतो. बाईंनी चांदणी दाबली तेव्हा आईने विचारलं होतं, हे काय केलंत? बाई घाईत होत्या. आवडलेल्या पानाला चांदणी द्यायची असते, एवढंच म्हणून त्या निघाल्या. आईला वाटलं, ही शाबासकी आहे. लिहिणाऱ्याला ती पोचते. दुपारी पुठ्ठे कापून झाले की आई कंप्युटरवर काहीबाही वाचायची. कात्रीचा गंज कसा काढावा. डोकं कशाने दुखतं. कासव पाळणाऱ्या एका म्हाताऱ्याची हकिगत. वाचून झालं की चांदणी. इतकं लिहितात बिचारे, तेही फुकट, आपलं काय जातं, असं ती म्हणायची. लिखाण भिकार असलं तरी द्यायची, कारण निदान प्रयत्न तरी केलाय. सोफ्याच्या जाहिरातीलासुद्धा तिने चांदणी दिली.

झालं. माझ्यावर ढीग पडत गेला. गंज, कासवं, सोफे, कुठल्या तरी शहराचं हवामान. भिंगरीला मला शोधायला खालीवर करावं लागायचं. कंप्युटर रडतखडत चालायचा. ढिगामुळे नव्हे, तो म्हाताराच झाला होता. पण दोष आमच्यावर आला. माझा संताप आईवर नाही. तिला ज्यांनी दोन मिनिटं बसून नीट सांगितलं नाही, त्या सगळ्या शहाण्यांवर आहे.

त्यातला एक शहाणा म्हणजे दादा. तो कॉलेजात जातो. दादा वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं, शिव्या घालून मोकळा झालो असतो. आज बाबा म्हणाले, एक बिल काढायला चहा थंड होतो, या डबड्याचं काही तरी कर. दादा बसला. आधी त्याने हिस्टरी, म्हणजे आजवर उघडलेल्या पानांची यादी, साफ केली. मग आमचा ढीग बघितला आणि आईला विचारलं, हे काय गोळा केलंयस? आईने सरळ मनाने शाबासकीचं सांगितलं.

दादा हसला. हसत हसत त्याने बाबांना हाक मारून तेच पुन्हा सांगितलं. बाबा करवत धरून हसले. लिहिणाऱ्यांना यातलं काही कळत नाही, चांदणी आपल्याच घरात राहते, असं दादाने समजावलं.

"म्हणजे इतकी वर्षं माझी चांदणी कुणाला पोचलीच नाही?" आई म्हणाली.

यावर ते पुन्हा हसले. आईने पदराने तोंड पुसलं आणि ती आत भांडी घासायला गेली. मित्रांनो, माझा घात झाला तो इथे. चांदणी म्हणजे पानाचा पत्ता, हे त्या हसण्यात सांगायचं राहूनच गेलं. चांदण्या पुसल्या की भिंगरीचं पानही हातचं जाईल, हे आईला कळायला वाव नव्हता. दादाने आतल्या दिशेने ओरडून विचारलं, सगळं काढू ना? आई म्हणाली, काढ बाबा. दादाने सगळ्यांना एकदम निवडून निळं केलं आणि पुसायचं बटण दाबलं. एकालाही उघडून बघितलं नाही. एकालाही.

बाई हे गाव सोडून गेल्यात. त्यांचा जुना फोन लागत नाही. आणि परवा भिंगरीची तोंडी परीक्षा आहे. वर्गासमोर उभं राहून स्वतःचं नाव सांगायचं आणि एका चित्राबद्दल चार वाक्यं बोलायची. गेल्या वर्षी ती नावावरच अडकली. मास्तर घड्याळ बघत राहिले आणि मग बस खाली म्हणाले. यंदा मुख्याध्यापकांनी कळवलंय, की या खेपेला जमलं नाही तर मुलगी त्याच वर्गात राहील. भिंगरीला गणित येतं, भूगोल येतो, सगळं येतं. तिला फक्त निळी रेघ हवी आहे. आज आणि उद्या.

आत्ता ती शाळेतून आली. दप्तर अजून खांद्यावर आहे. तिने दादाच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं. आमची जागा रिकामी, पांढरी. तिचा चेहरा उतरला. तिने तोंड उघडलं. "मा" वर अडकली. ओठ मिटले, मान ताणली गेली, आवाज येईना.

"कळलं, कळलं. तुला बसायचंय ना? बघ कसा चकाचक केलाय," दादा म्हणाला. "एकदा बंद करून चालू करतो, मग पळेल बघ नुसता."

तो हे तिच्यासाठी करतोय. तिचं भलं करायला तो मला मारतोय. घरातले सगळे तिचं वाक्य असंच पुरं करतात, मायेने करतात, आणि बहुतेक वेळा चुकीचं करतात. ती मान हलवून नाही म्हणतेय, पण दादाचे डोळे पडद्यावर आहेत. त्याला कंट्रोल-झेड चांगलं ठाऊक आहे. त्याचा स्वतःचा निबंध उडाला होता तेव्हा त्याने असाच परत आणला होता. त्याला फक्त कळायला हवं. माऊसचा बाण वर सरकतोय. ब्राउझर बंद करायच्या फुलीवर आला.

मित्रांनो, मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत. तुम्ही घर आवरा, दप्तर आवरा, कंप्युटर आवरा, जरूर आवरा. पण टाकण्याआधी एकेक उघडून बघा. तुमच्या मते जो कचरा आहे, तो कुणाचा आहे हे विचारा. आणि ज्याला विचारलंत, तो उत्तर देईपर्यंत थांबा. उत्तराला वेळ लागला म्हणून ते आपल्या मनाने ठरवू नका. आम्हाला कुणी आठवड्यातून एकदा जरी निवडलं असतं, हवं ते नाव देऊन वेगळं ठेवलं असतं, तर आज माझ्यावर ही पाळी आली नसती.

आई दारात आलीय. ओल्या हातांनी. आधी तिने पडदा बघितला, मग भिंगरीचा गळा बघितला. काय हरवलंय हे तिला अजून कळलेलं नाही. पण काही तरी हरवलंय, एवढं कळलंय.

"हात काढ त्याच्यावरून," ती दादाला म्हणाली. "आणि तोंड मिट. तिचं पुरं होऊ दे."

दादाने हात माऊसवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. बाबांची करवत थांबली. भिंगरीने दप्तर खाली टाकलं, डोळे मिटले आणि श्वास सोडायला सुरुवात केली. समोर रेघ नाही. तरी ती ताणून म्हणतेय. पहिलंच अक्षर अजून चालू आहे.

कुणी मध्ये बोलू नका.