स्वच्छ गटातली वार

"आत गेले दोन घास, बाहेर आले सात! हे कुठल्या शाळेतलं गणित म्हणायचं?" वहिनी बेसिनशी कुरकुरत होती. दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या नणंदेला हसू आलं. पाचवा महिना लागला तरी वहिनीच्या उलट्या काही पाठ सोडत नव्हत्या.

सगळं डोळ्याजवळ धरून बघायच्या खोडीमुळे नणंदेला घरात 'भिंगी' म्हणत. ती प्रयोगशाळेत कामाला होती. बाळंतिणीची वार, म्हणजे पोटात बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, ताजी असतानाच बर्फात घालून आणायची, पातळ चकत्या करायच्या, रंगवायच्या आणि काचेखाली पेशींवरची एका जातीची कुलपं शोधायची. शास्त्रात त्यांना कॅनाबिनॉइड रिसेप्टर म्हणतात. वार नीट रुजावी, वाढावी म्हणून शरीर त्यांच्या किल्ल्या स्वतःच घडवतं, तेही बेताबेताने. गांजातला नशेचा अर्क नेमका त्याच कुलपांत बसतो आणि मालकाला न विचारता घरभर फिरतो. अशी बाळं कमी वजनाची निपजतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. दवाखान्यात गरोदर बायकांना भिंगी हे पडद्यावर चित्रं दाखवून समजावायची. परक्या बायकांना सांगणं किती सोपं! संध्याकाळी त्यांच्याच ताटाशेजारी जेवायला बसायचं नसतं.

घरात मात्र वहिनीला उलट्यांवर 'थेंब' चालू होते. कशाचे, ते विचारायची पद्धत नव्हती. दादाने बाटली आणली ती "झाडपाल्याचं आहे" एवढंच सांगून. धोत्राही झाडपालाच, पण बोलणार कोण? बाटलीवर पंजा पसरलेलं हिरवं पान होतं. ते सगळ्यांना व्यवस्थित दिसत होतं, म्हणून तर आई बाटली ठेवताना पान भिंतीकडे करायची.

त्यात भिंगीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेला. प्रयोगशाळेला स्वच्छ वारांची टंचाई. स्वच्छ म्हणजे कसलंच व्यसन नसलेल्या आयांच्या. "आमची वहिनी चहासुद्धा अर्धा कप घेते," असं छातीठोक सांगून तिने घरचीच वार देऊ केली. सरांनी पाठ थोपटली. पाठोपाठ बाटली घरात आली.

"भिंगे, तुझी कुलपं काय म्हणतात?" नाश्त्याला दादाने विचारलं.

"परक्या किल्ल्या सापडतात हल्ली."

"चोर माजलेत," आई म्हणाली आणि बाटली वहिनीपुढे सरकवली. "थेंब घेतलेस का गं?"

"चोर नाही आई, घरातलंच कुणीतरी आत घेतं त्यांना."

"खाताना तुझी चिरफाड नको," दादाने मान खाली घातली.

भिंगी वहिनीकडे वळली. "वहिनी, डॉक्टरबाईंना दाखवलेस का हे?"

"त्या म्हणाल्या, उलट्या व्हायच्याच. हे म्हणाले, थेंब घे. आई म्हणाल्या, बाळासाठी घे. वन्सं, तुम्ही तेवढ्या गप्प. एरवी तोंड उघडलंत की मिटत नाही!"

"म्हणजे... संशोधन अजून चालू आहे." पळ काढायला शास्त्राने दिलेलं हे सर्वांत मजबूत वाक्य.

"चालू द्या की. काल मी तुमच्या दवाखान्यात मागच्या बाकावर होते. तुम्ही पडद्याशी बोलता, माणसांशी नाही, म्हणून दिसले नाही."

भिंगीचा घास हातातच राहिला. दादाने चहा ढवळायला घेतला. साखर केव्हाच विरघळली होती.

"अगं, थंड होतंय, खा," आई घाईघाईने म्हणाली.

"थंड होऊ दे." वहिनीने थेंबांची नळी खाली ठेवली. "वन्सं, स्वच्छ गटातून मला काढा. आई, हा गांजा आहे. तुम्हाला ठाऊक आहे, ह्यांना ठाऊक आहे, वन्संना तर चकत्या करून ठाऊक आहे. मलाही होतं. उलट्यांना इतकी भ्यायले होते की विचारलंच नाही. आता मला बाळासाठी भीती वाटतेय."