बर्फाहून पांढरं

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही कॅमेरा आहे आणि बावीस वर्षं मी खोटं बोललो. गावच्या वाचनालयात, नकाशांच्या खोलीशेजारी जे काचेचं कपाट आहे, त्यात मी असतो. माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली आहे: ‘टामरॅक कॉलेजच्या हॉकी सामन्यांचा कॅमेरा. हात लावू नये.’ हात कोणी लावत नाही. मुलं येतात, काचेवर नाक दाबतात आणि पुढच्या कपाटातलं पेंढा भरलेलं अस्वल बघायला पळतात. तुम्ही थांबलाच आहात, तर सगळं ऐकून जा. शेवटी मला तुमच्याकडून एक काम करून हवं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझी भिंगं बसवली. तिथून खोक्यात भरून मला अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या या काठी आणलं. इथल्या लोखंडाच्या खाणी तेव्हाच बंद पडल्या होत्या. गावाजवळ उरलं होतं एक कॉलेज, त्या कॉलेजचा बर्फावरच्या हॉकीचा संघ आणि सहा महिने हिवाळा. तिघा माणसांनी मला उचलून रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानाच्या, माळ्यावरच्या लाकडी खोपटात नेलं आणि मधल्या रेषेच्या बरोबर वर बसवलं. त्यातला एक रेनो कांगास. आठवडाभर तो बस डेपोत वायरिंगची कामं करायचा आणि शुक्रवार-शनिवार माझ्यामागे उभा राहायचा.

कॅमेऱ्याला आधी पांढरं दाखवावं लागतं. एक कोरा पांढरा पुठ्ठा समोर धरायचा, बटण दाबायचं, की कॅमेरा समजतो, हे पांढरं. मग त्यावरून तो बाकीचे रंग ठरवतो. पहिल्याच सामन्याला रेनोने पुठ्ठा शोधला, तर तो डेन्झिल ट्रेम्बाथच्या मांडीवर. डेन्झिल म्हणजे आमचा समालोचक, इंग्लंडहून आलेल्या खाणवाल्या कॉर्निश घराण्यातला. त्याने त्यावर मटण-बटाट्याची गरम पेस्टी ठेवून अर्धी खाल्लीही होती.

“अरे, हे ताट आहे का तुझ्या बापाचं?” रेनो म्हणाला.

“मला वाटलं, माझ्यासाठीच ठेवलंयस. हे घे.” डेन्झिलने पुठ्ठा पँटला पुसून पुढे केला. मधोमध तुपकट डाग पसरला होता.

“राहू दे, चरबीचा डाग पांढरा म्हणून दाखवू काय? समोर एवढा मोठा बर्फ पसरलाय. बर्फाहून पांढरं काय असणार?”

आणि रेनोने मला खाली वाकवून बर्फ दाखवला, बटण दाबलं.

मित्रांनो, ज्याचं अर्धं आयुष्य बर्फात गेलं आहे, तोच माणूस असं म्हणू शकतो. पण आमच्या रिंकमध्ये पाणी यायचं ते खाणीजवळच्या विहिरीचं. त्यात लोखंड होतं. तो बर्फ फिक्या चहाच्या रंगाचा होता. गावाचे डोळे त्याला सरावलेले होते, त्यांना तो पांढराच दिसायचा. मला दिसत होतं. पण मला सांगितलं गेलं की हे पांढरं, आणि मी हो म्हणालो. तिथून पुढे जे खरोखर पांढरं होतं, ते सगळं मी फिकट निळं दाखवू लागलो.

आता तुम्ही विचाराल, रेनोला कसं कळलं नाही? तो ज्या छोट्या पडद्यातून बघायचा, त्यात रंगच नव्हते, सगळं काळं-करडं. आणि घरच्या रंगीत टीव्हीवर सामना लागायचा तेव्हा तो इथे, माझ्यामागे उभा असायचा.

घरी टीव्हीसमोर असायची त्याची बायको लेम्पी. आदल्या हिवाळ्यात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून रिंकच्या पायऱ्या तिला बंद झाल्या होत्या. मी आलो त्याच वर्षी आपल्या संघाला नवे सदरे आले, पांढरे, गडद हिरव्या पट्ट्यांचे. ते तिने पहिल्यांदा पाहिले माझ्या डोळ्यांनी. फिकट निळे. तिने लगेच फिकट निळी लोकर आणली आणि टोपी विणायला घेतली. रेनोला वाटलं, हिला निळा रंग आवडतो. लेम्पीला वाटलं, संघाचा रंग याला माहीतच आहे. दोघंही मूळ फिनलंडकडची. बोलल्याशिवाय भागत असेल तर ही माणसं बोलत नाहीत. बावीस वर्षं एका टेबलावर जेवले आणि या एका गोष्टीवर एकमेकांना काही विचारलं नाही.

लेम्पीची टोपी बघून शेजारणींनी विणल्या. म्हाताऱ्यांच्या आश्रमात तर स्पर्धाच लागली. चार-पाच वर्षांत सगळं गाव फिकट निळं झालं. रिंकवर येणाऱ्यांना सदरे पांढरे दिसत होतेच, पण टोपी निळीच घालायची, ही गावाची रीत झाली होती. रीतीला कोण का म्हणून विचारतो? एकदा बाहेरच्या कोणी विचारलं, तेव्हा डेन्झिलने सामना चालू असतानाच ठोकून दिलं, “आमच्याकडे निम्मे फिनलंडचे, त्यांच्या झेंड्यात निळा आहे!” सगळ्यांचं समाधान झालं.

ती वर्षं चांगली होती. आठ कॉलेजांचा आमचा गट होता. त्याला इथे कॉन्फरन्स म्हणतात. वर्षभर त्या आठांतच सामने व्हायचे. त्यात दक्षिणेकडची दांडगी विद्यापीठं होती, ज्यांच्या एका वसतिगृहात आमचं अख्खं गाव मावलं असतं. तीही हिवाळ्यात दोनदा बसने इथे यायची आणि एकदा तरी हरून जायची. बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी चकती असते, पण रेनो तिच्या मागे कधी धावला नाही. “चकती खोटं सांगते, खांदे खरं सांगतात,” तो म्हणायचा. खेळाडूचा खांदा वळला की मी वळायचो, आणि चकती बरोबर माझ्यासमोर येऊन पडायची. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला तो मला हळूच एकदा खाली-वर करायचा. पडद्यावर सगळं रिंक जरासं मान हलवायचं. ते लेम्पीसाठी होतं: जेवलो, ठीक आहे. गावात सगळ्यांना ते माहीत होतं. डेन्झिल म्हणायचा, “कांगासने घरी हजेरी लावली. आता खेळ पुढे.”

आजारी माणसं माझ्या जिवावर हिवाळा काढायची. एका म्हाताऱ्या पाद्रीने मरताना सामन्याचा निकाल विचारला होता. मला फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू?

मग एका उन्हाळ्यात दांडग्यांतल्या तिघांनी गट सोडला. त्यांनी स्वतःचं चॅनल काढलं होतं, आणि चॅनलला सामने हवे होते, एकमेकांशीच, मोठ्या शहरांतले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघं गेली. आठाचे आम्ही तीन उरलो. तिघांत कसला गट आणि कसलं अजिंक्यपद? तेवढ्यात इकडची-तिकडची उरलेली कॉलेजं मिळून एक नवा गट उभा करणार, असं ठरलं. एका चॅनलने त्यांचे सामने दाखवायचं कबूल केलं, पण अट घातली: प्रत्येक रिंक आम्ही बघणार, टीव्हीजोगं असेल तरच घेणार. आमच्या प्राचार्यांनी सभेत सांगून टाकलं, “त्यांनी घेतलं तर संघ राहील. नाही घेतलं तर मी संघ बंद करीन.”

गाव कामाला लागलं. बाकं रंगवली, दिवे पुसले, छताची गळती बुजवली. तपासणीच्या दिवशी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी, दुकानं बंद ठेवून सगळे रिंकमध्ये आले, एकजात फिकट निळ्या टोप्या-मफलर घालून. पडद्यावर आपलं रिंक दिसावं म्हणून बर्फाशेजारी टेबलावर मोठा टीव्ही मांडला होता. लेम्पीला चौघांनी खुर्चीसकट उचलून आत आणलं. बावीस वर्षांनी ती पहिल्यांदा रिंकमध्ये आली होती.

चॅनलकडून आलेल्या बाईंचं नाव ब्रॅनिगन. फार नम्र होत्या. कॉफी घेतली, वेलदोड्याचा पाव घेतला, वर खोपटात आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, “तुमच्या संघाचा रंग कोणता, मिस्टर कांगास?”

“पांढरा आणि हिरवा, बाई.”

“मग हे सगळे निळ्यात का?”

रेनोने डेन्झिलकडे पाहिलं.  डेन्झिल झेंड्याचं काहीतरी पुटपुटला.

“तुम्ही पांढरं कशावर धरता?” बाईंनी विचारलं.

“बर्फावर. नेहमीच.”

“हे धरा,” असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक कोरा करकरीत पुठ्ठा काढला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच खरं पांढरं दाखवलं जात होतं. रेनोने बटण दाबलं. मला नको होतं. पण मी कॅमेरा आहे.

खाली टीव्हीवर बर्फ तपकिरी झाला. गंजलेल्या टाकीतलं पाणी गोठवल्यासारखा. आणि सराव करणारी पोरं झाली पांढरीशुभ्र.  दोन हजार माणसांनी टीव्हीकडे बघितलं, मग बर्फाकडे, आणि मला वाटतं, त्या दिवशी त्यांना तो बर्फ पहिल्यांदा दिसला. त्या शांततेत लेम्पीचा आवाज वर खोपटापर्यंत आला, “रेनो, सदरे पांढरे आहेत रे.”

ती रागावली नव्हती. नुसती सांगत होती. पण रेनोचा हात माझ्या दांड्यावरून गळून पडला.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं: बर्फाच्या रंगामुळे रिंक प्रक्षेपणास अयोग्य. नव्या गटात आमचं नाव नव्हतं. एप्रिलमध्ये संघ बंद झाला. पोरं बॅगा उचलून दुसऱ्या कॉलेजांत गेली, काहींनी खेळच सोडला. रिंकमधला बर्फ वितळवला तेव्हा तळाशी लाल गाळ निघाला म्हणतात.

गावाने दोष कोणावर टाकला ते वेगळं सांगायला नको. बेकरीत, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर लोक म्हणायचे, “काय रेनो, आज दूध कुठल्या रंगाचं दिसतंय?” “बावीस वर्षांत एक पुठ्ठा नाही मिळाला होय रे तुला?” आधी कोणी बर्फाबद्दल एक शब्द काढला असता, तर विहीर बदलली असती, गाळणी बसवली असती, असं ज्याला-त्याला वाटू लागलं. पेस्टीची गोष्ट डेन्झिलला ठाऊक होती. त्याने ती कोणाला सांगितली नाही. तो मुलीकडे विस्कॉन्सिनला निघून गेला. लोकांनी टोप्या चुलीत घातल्या. त्यांना त्या अंगावर बघवत नव्हत्या. पुढच्या हिवाळ्यात लेम्पी गेली. शेवटचे काही महिने टीव्ही बंदच असायचा आणि ती रिकाम्या पडद्यासमोर विणत बसायची, असं मला इथे वाचनालयात घेऊन आलेले लोक आपसात बोलत होते. रेनोने तिच्या थडग्याशी उभं राहून म्हटलं, “माझ्यामुळे गेला तुझा खेळ.” तेही इथेच ऐकलं.

आणि आता ती गोष्ट, जी माझ्याशिवाय या गावात कोणालाही ठाऊक नाही.

त्या मंगळवारी सगळे खाली उतरल्यावर ब्रॅनिगनबाई खोपटात एकट्याच थांबल्या. माझ्या डोक्यावरचा माइक चालूच होता, पण खाली टीव्हीवर आवाज लावलेला नव्हता. त्यांनी फोन लावला आणि म्हणाल्या, “हो, बघून झालं. नाही हो, काही बदल नाही. यादी तर जानेवारीतच ठरलीय ना? एवढ्या लांबच्या गावात कोण गाड्या पाठवणार? फक्त पत्रात काय कारण लिहायचं हा प्रश्न होता, ते मिळालं. बर्फ. बिचाऱ्यांनी पाव मात्र छान दिला.”

बर्फ दुधासारखा असता तरी उपयोग नव्हता. विहीर बदलली असती तरी नव्हता. मी खोटं बोललो हे खरं. रेनोने चूक केली हेही खरं. पण संघ त्या चुकीने मेला नाही. तो आधीच मेलेला होता. गावाने बाकं रंगवली, ती त्यानंतर.

रेनो आता एकोणऐंशी वर्षांचा आहे. दर गुरुवारी दुपारी तो वाचनालयात येतो. खिशातून एक कोरा पांढरा पुठ्ठा काढतो आणि काचेला लावून माझ्या भिंगासमोर बराच वेळ धरतो. मग म्हणतो, “हे घे. हे पांढरं.” मला वीज नाही. मी काही करू शकत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, त्यांना जपा, असं माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं. माझी धूळ राहू दे. तुम्हाला तोंड आहे, मला नाही. गुरुवारी दुपारी इथे या आणि त्या माणसाला एवढंच सांगा, की यादी जानेवारीतच ठरली होती. तो पटकन मानणार नाही, पुन्हा सांगा. ओळखायला काही अडचण नाही. या गावात फिकट निळी टोपी आता तो एकटाच घालतो.