टाकांपुढचा नैवेद्य

तुळसीबाईंचा पाय आज एका जागी ठरत नव्हता. चेन्नईतल्या अड्यारच्या फ्लॅटमध्ये देवघर ते बाल्कनी येरझाऱ्या चालल्या होत्या, आणि पायांहून तोंड जोरात. आत सून शशिकला अष्टमीचं पुरण घाटत होती. नात लावण्या, शशिकलाची लेक, म्युनिकहून आली होती, जर्मन होण्याआधी देवीच्या पाया पडायला. तिकडचा कागद मिळाला की इथला पासपोर्ट परत करायचा.

"आम्ही राजांच्या मागून तंजावरला आलो. इतक्या पिढ्या तमिळ मुलखात काढल्या, तरी मराठेच राहिलो. आणि तू चार हिवाळे काढलेस नि जर्मन? देवीपुढं उभी करायची नाही मी तुला!"

"आजी, परीक्षा दिलीय मी. भाषेची, कायद्याची."

"परीक्षेनं माणूस बदलतं होय? रक्त लागतं, रक्त!"

"जर्मनही हेच म्हणायचे," लावण्या म्हणाली. "आधी तर देशच नव्हता, ढीगभर संस्थानं. भाषा एक म्हणून आपण एक, एवढंच. मग ते रक्तावर आलं. पुढं आजी-आजोबांचे दाखले मागायला लागले. ज्यांचे ज्यू निघाले, त्यांना मारलं. लाखांनी, आजी. त्यानंतरही कितीतरी वर्षं, तिथंच जन्मलेलं तुर्कांचं पोर परकं. आणि पिढ्यान्‌पिढ्या रशियात राहिलेला, जर्मन रक्ताचा पण जर्मन भाषा धड न येणारा, तो मात्र आपला. आत्ता कुठं कायदा बदलला. तरी ट्राममध्ये मला 'परत जा' म्हणून ऐकवणारे आहेतच."

तुळसीबाई थबकल्या. मारण्याचं ऐकून त्यांनी तोंडाला पदर लावला होता. पण रशियातला माणूस त्यांना आवडला.

"तो आमच्यासारखाच की गं. त्याला आपला म्हटलं ते बरोबरच केलं."

"मग अम्मा?"

तुळसीबाईंनी समईची वात पुढं सारली.

"मला मराठी कुणी शिकवलं? तू नुसती रागे भरायचीस. गोष्टी अम्मानं सांगितल्या, तमिळ घरातून येऊन. पण देवांच्या टाकांपुढं ताट ठेवायचं म्हटलं की तिचा हात परका. तुझा कायदा तिकडं लागला तर मला उद्या हाकलतील."

तेवढ्यात शशिकला ताट घेऊन आली. रोजच्यासारखी देवघराच्या उंबऱ्याशी थांबली, सासूनं हात पुढं करायची वाट बघत.

तुळसीबाईंनी एक येरझार घातली. दुसरी घातली. मग खेकसल्या, "उभी काय राहिलीस खांबासारखी? ठेव टाकांपुढं. जायफळ कमी पडलं असेल तर देवी बघून घेईल."

शशिकलानं उंबरा ओलांडून ताट ठेवलं, पण घाईत वाटीतलं तूप ताटात सांडलं. तुळसीबाईंनी, नवल म्हणजे, तिकडं काणाडोळा केला.

"आणि तू गं? पड पाया!"

लावण्या वाकली. डोक्यावर आजीचा हात टेकला, पण निमिषभरच. येरझाऱ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.

"तो ट्राममधला मेला कोण? रोज भेटतो का?"