सिमकार्डाविना बोलणारा देव

दोन हजार आठ साल. कुळगावच्या मैदानात घातलेल्या मांडवाबाहेर त्या रविवारी चपला ठेवायलाही जागा उरली नव्हती. बदलापूर गावातून, वांगणीच्या पाड्यांवरून, पार उल्हासनगरहून माणसं आली होती. स्टेजवर चांदीचं ताट, ताटात झेंडूची फुलं आणि फुलांत एक मोबाईल. शेजारी डोळे मिटून गगनवाणी महाराज बसलेले. महाराजांचं बारा वर्षांचं मौन आहे, असं बॅनरवर लिहिलं होतं. त्यांच्या वाटचं सगळं त्यांचा पट्टशिष्य बबन बोलत होता, आणि बारा वर्षांची थकबाकी एका दिवसात फेडायची असल्यासारखा बोलत होता.

"बघून घ्या, भक्तहो!" त्याने मोबाईलची बॅटरी काढून आतली सिमची रिकामी जागा पुढच्या रांगेला दाखवली. "सिम आहे? नाही! मग टॉवर कुठला? रिचार्ज कुठला? अरे, ही डायरेक्ट वरची लाईन! रोमिंग नाही, नेटवर्क बिझी नाही!"

बॅटरी परत बसली. बबनने घसा फाटेस्तोवर शंख फुंकला, दोघांनी घंटा बडवल्या, आणि मग मोबाईलच्या पडद्यावर एक मोठा डोळा उघडला. मांडवात "आई गं!" झालं.

पहिला नंबर वांगणीकडच्या देऊचा. तो हात जोडून म्हणाला, "देवा, माझी म्हस हरवलीय. कुठं गावंल?"

डोळा डावीकडे वळला. खोल, घुमणारा आवाज आला, "चिंता सोड, बाळा. तुला मुलगा होईल."

देऊ बावचळला. "मला? माझं वय बासष्ट हाय!"

बबन क्षणभरच अडखळला. "अर्थ समजून घे ना, बाबा! म्हैस गाभण आहे. रेडकू घेऊनच येणार ती!"

मांडवाने टाळ्या वाजवल्या. एक हरवलेली म्हैस विचारावी आणि दोन जनावरं पदरात पडावीत, याहून मोठा चमत्कार काय असतो?

मी भीमराव, आनंदनगर एमआयडीसीत फिटर. एखादी वस्तू चालते म्हटली की कशावर चालते ते आधी बघायचं, ही माझी सवय. अशा मांडवात मी एरवी पाऊल टाकलं नसतं. पण माझी थोरली बहीण विठा तिथे रांगेत बसली होती. ताईला दहा वर्षं साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल. ताई त्या शब्दाला इतकी भ्याली की शेजारणीबरोबर इथे आली आणि मोबाईलने तिला सांगितलं, "गोळ्या सोड, बाळा. माझा अंगारा लाव." तीन आठवडे तिने गोळी तोंडात घातली नव्हती. पाय घोट्यापर्यंत सुजला होता.

"ताई, आपल्या घरात कधी बुवा-बाबा शिरला नाही," मी चिडून म्हणालो होतो.

"आपल्या घरात कुणाचा पाय पण कापला नाही, भीमा," ती म्हणाली होती.

म्हणून मी माझ्या मुलीला, यशोधराला बरोबर आणलं होतं. ती एका कंपनीत मोबाईलचे प्रोग्रॅम लिहिते. नेमकं काय करते, असं कोणी विचारलं की मी सांगायचो, "मोबाईलात गाणी वाजवते." त्यावर लोक म्हणायचे, "ते तर आमचा पोरगा पण करतो."

यशोधरा मागच्या खांबाला टेकून दोन तास बघत होती. मग हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही मोजताय का? सात जण झाले की देवाचं स्नान असतं."

खरंच होतं. दर सात प्रश्नांनंतर बबन पुकारायचा, "देवाला स्नान!" ताट पडद्यामागे जायचं. शंख, घंटा, गदारोळ. मिनिटभरात देव ताजातवाना होऊन परत.

"मोबाईलला आंघोळ घालतात?" मी विचारलं.

"बंद करून चालू करतात. चालू होताना फोन कंपनीची धून वाजते ना, ती ऐकू जाऊ नये म्हणून शंख. आणि तो डोळा बघा, दर वेळी एकदा डावीकडे वळतो, दोनदा मिटतो. एकच व्हिडिओ आहे. बबनचा हात सारखा झोळीत असतो. तिथे दुसरा फोन असणार. त्यावर नंबर दाबला की ब्लूटूथवरून ताटातल्या फोनला हुकूम जातो. देऊमामांच्या वेळी चुकीचा नंबर दाबला गेला."

"पण सातच का?"

ती हसली. "नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हीच चूक केली होती, पप्पा. साहेबांनी अख्ख्या ऑफिससमोर झापलं होतं."

पुढच्या फेरीत ताईचा नंबर सातवा होता. तिला जिना चढवत नव्हता, म्हणून यशोधरा तिला धरून स्टेजवर गेली. ताईने रडतच विचारलं, "देवा, सूज वाढलीय. आता तरी सांग, काय करू?"

"गोळ्या सोड, बाळा. माझा अंगारा लाव."

बबनने शंख उचलला. "देवाला स्नान!"

"थांबा दादा," यशोधरा ताटासमोर हात जोडून बसली. "माझा एकच प्रश्न आहे."

"स्नानानंतर!"

"माझी आत्या एवढी आजारी आहे. देवाला अर्धं मिनिट नाही?"

"विचारू दे पोरीला!" देऊ खालून ओरडला. म्हशीचा राग असावा. मग अख्खा मांडव ओरडायला लागला, "विचारू दे! विचारू दे!"

बबनला शंख खाली ठेवावा लागला. यशोधराने विचारलं, "देवा, आत्याचा पाय कधी बरा होईल?"

बबनचा हात झोळीत गेला. मोबाईल गप्प. हात पुन्हा हलला. पुन्हा गप्प. मग डोळाच नाहीसा झाला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. यशोधराने ताट उचलून मोठ्याने वाचलं, "मेमरी भरली आहे."

"देवाची मेमरी भरली?" कोणीतरी खालून विचारलं.

आणि तेव्हा बारा वर्षांचं मौन फुटलं. "अबे बबन, बघतो काय! बॅटरी काढ, बॅटरी!" गगनवाणी महाराज किंचाळले.

मांडवात असा हशा झाला की कनाती हलल्या. बबन पडद्यामागे पळायला गेला, तर तिथे देऊ उभा. बबनच्या झोळीतून दुसरा मोबाईल निघाला.

यशोधराने ताटातला फोन बंद करून चालू केला. या वेळी शंख नव्हता. कंपनीची धून सगळ्यांना ऐकू गेली. मग आतली आवाजांची क्रमवार यादी बघून तिने माईक घेतला.

"यात एकोणीस आवाज भरून ठेवलेत. एक आवाज वाजवायचा तर प्रोग्रॅमला एक प्लेअर उघडावा लागतो. वाजून झालं की तो बंद करायचा असतो. हा प्रोग्रॅम लिहिणारा ते विसरला. पंगतीत सात पाट आहेत आणि जेवून झालेला उठतच नाही, तर आठवा बसणार कुठे? म्हणून देवाला स्नान! सिम कशाला लागतं? गाणं वाजवायला लागतं का सिम?"

मग तिने झोळीतला फोन ताईच्या हातात दिला. "आत्या, चार दाब."

ताईने दाबलं. "गोळ्या सोड, बाळा. माझा अंगारा लाव."

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, त्याच मायेने. ताईने फोन खाली ठेवला. "मी रडून विचारलं तेव्हाही हा असंच म्हणाला," ती म्हणाली. "आत्ता मी काही विचारलंसुद्धा नाही." आता कोणीच हसत नव्हतं.

पोलीस आले, दोघांना घेऊन गेले. प्रोग्रॅम उल्हासनगरातल्या एका मुलाकडून 'बोलणारं खेळणं' म्हणून करून घेतला होता, असं बबनने कबूल केलं. आम्ही ताईला रिक्षात घालून तिथूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टर रागावले. आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्याखाली काही राहिलं नसतं, म्हणाले. अंगठा गेला. पाय राहिला.

परवा ताईला तपासायला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी नवीन गोळी लिहिली. ताईने चिठ्ठी परत त्यांच्यासमोर ठेवली. "ही कशाला? नाही घेतली तर काय होईल? किती दिवसांनी फरक दिसला पाहिजे?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. बाहेर रांग खोळंबली होती, तरी समजावलं.

माझं लोकांना एवढंच सांगणं आहे. प्रश्न कोणालाही विचारा, पण उत्तर आलं की लगेच पाया पडू नका. ते कुठून आलं, कशावरून आलं, हेही विचारा. जो समजावून सांगतो त्याचं ऐका. जो श्रद्धा कमी पडली म्हणतो, त्याच्या मांडवातून उठा, चपला शोधा आणि घरी जा.