प्रकाशाच्या पुढे पळणारा इलेक्ट्रॉन

प्राध्यापकांनी उमेदीची सगळी वर्षं एकाच प्रश्नापायी घालवली होती. इलेक्ट्रॉन प्रकाशाहून वेगाने पळू लागला तर काय होईल? तेव्हा हा प्रश्न कुणाला खुळचट वाटत नसे. "बंदुकीची गोळी आवाजाला मागे टाकते, मग इलेक्ट्रॉनलाच काय धाड भरलीय?" असं ते वर्गात विचारत आणि पोरं खो खो हसत. बोटीमागे पाणी फाकतं तशा त्याच्यामागे लाटा फाकतील, हे त्यांनी गणिताने मांडलं होतं. बायको गेली तेव्हाही ते फळ्यापाशीच होते. मुलीने ते कधी बोलून दाखवलं नाही.

मग तो नवा सिद्धांत आला. कितीही जोर लावा, इलेक्ट्रॉन प्रकाशाचा वेग गाठूच शकत नाही. जावई त्यांचाच जुना विद्यार्थी. त्या सिद्धांतावरचा निबंध त्यानेच आणून दिला. सासऱ्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचला, पण कुठे फट सापडेना.

"माझं व्याख्यान ठरलंय," ते जावयाला म्हणाले. "मी माझं गणित मांडेन. तू उठून ते खोडून काढ."

"सर, माझ्याच्याने नाही व्हायचं."

"मी आपणहून माघार घेतली तर म्हणतील, म्हातारा थकला. तू खोडलंस तर कुठे चुकलं ते तरी कळेल. आणि घरी यातलं काही बोलू नकोस."

जावयाने भरल्या सभागृहात ओळीमागून ओळ खोडली. मागच्या बाकांवर हशा पिकला. पहिल्या रांगेत बसलेली मुलगी तिथूनच तडक माहेरी आली.

"अशा माणसाचं तोंड बघायचं नाही मला."

"अगं, त्याचा काय दोष? मीच सांगितलं होतं तसं."

ती बघतच राहिली. "बाबा, आईसाठी तुम्हाला फळा सोडवला नाही. आणि आता त्याच फळ्यासाठी माझा संसार पणाला लावलात. मला एका शब्दाने विचारलंही नाहीत?"



त्या थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. मुलीने सगळं केलं, औषध, अंग पुसणं, कूस बदलणं, पण अवाक्षर न बोलता. जावई रोज फाटकापर्यंत येई आणि तिथूनच परत जाई. प्राध्यापक गेले ते सकाळी, ती पाणी तापवत असताना. त्यांची जागा जावयाला मिळाली. पण त्यानेही तिला आधी काही सांगितलं नव्हतं; ती त्याच्या घरी परतली नाही.