चारचा काटा दहावर

मित्रांनो, मी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या पेंबा बेटावरच्या एका शाळेतलं, भिंतीवरचं जुनं घड्याळ आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या डोक्यात एकच समज होता: काटा जिथे, तितके वाजले. गलबतातून इथे उतरले आणि पहिल्याच सकाळी तो गळून पडला. इथली मोजणी सूर्य उगवला की सुरू होते. माझा छोटा काटा सातवर आला की सगळे म्हणतात, "एक वाजला!" आधी वाटलं, लोक मला वेडं ठरवताहेत. मग सवय झाली. खरं सांगू? आवडूही लागलं.

माझी सगळ्यात लाडकी वाचक माझ्या वर्गातली मिझा. तिची आई आणि शेजारणी ओहोटीच्या वेळी पाण्यात शिरून दोऱ्यांवर समुद्री शेवाळ लावतात. ओहोटी रोज थोडी उशिरा येते. शाळा सुटताना मिझा माझ्याकडे एकदा बघायची, उद्याच्या ओहोटीची वेळ मनात मोजायची आणि दारातल्या बायकांना सांगायची, "उद्या घाई नको. आधी लापशी खाऊन घ्या."

"पोरगी आहे की चंद्राची सासू!" बायका हसायच्या. पण निघायच्या तिच्याच शब्दावर. काय डोकं होतं त्या मुलीचं!

वरच्या वर्गात गणित इंग्रजीतून असतं. त्यासाठी परीक्षा झाली. नापास होईल त्याने पुन्हा याच वर्गात बसायचं. एक पानभर कोऱ्या तबकड्या होत्या आणि इंग्रजीत लिहिलेल्या वेळेप्रमाणे काटे काढायचे होते. मिझाच्या प्रत्येक तबकडीवर लाल फुली पडली.

मकामे गुरुजींनी उसासा टाकला. "मिझा, चारचा काटा दहावर? अगं, घड्याळ कळत नाही तुला? बस मग याच वर्गात."

मिझा उठून उभी राहिली. "गुरुजी, तुम्हीच रोज घंटा देताना ओरडता, 'चार वाजले, पळा खेळायला!' तेव्हा काटा कुठे असतो?"

गुरुजींनी मान वर केली. माझा छोटा काटा नेमका तिथेच होता. दहावर.

"या अल्ला!" गुरुजी पुटपुटले. वर्ग फिदीफिदी हसला.

त्यांनी कागद पुन्हा पाहिला. मोठे काटे सगळे बरोबर. छोटा काटा प्रत्येक ठिकाणी बरोबर समोरच्या आकड्यावर. "चुकलीस, तेसुद्धा किती नेमाने गं! ऐक, हा कागद सूर्यापासून मोजत नाही, मध्यरात्रीपासून मोजतो. आता काढ."

मिझाने पेन्सिल चावली, मनातल्या मनात साऱ्या तबकड्या फिरवल्या आणि एकामागून एक काटे काढले. सगळे बरोबर.

"जा वरच्या वर्गात," गुरुजी म्हणाले. "आणि जाताना घंटा दे. मी विसरलो."

पोरं बाहेर पळाली. गुरुजी मात्र बसून राहिले. त्यांनी नापासांचा गठ्ठा ओढला आणि वरच्या कागदापासून पुन्हा बघायला घेतला.

मित्रांनो, माझी काच पुसायची राहिली तरी चालेल. पण कुणाच्या कागदावर फुली मारण्याआधी त्याला विचारा, "हे तू कसं काढलंस?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तेवढा वेळ माझ्याकडे नक्की आहे.